नागिणीची धून कोणी वाजवली?

गेल्या मे महिन्यात भांडुपला मित्राच्या हळदीला गेलो होतो. पावणेदहा वाजले होते, दहाला सगळं बंद करायचं होतं, आणि अशा वेळी जे होतं तेच झालं. बेंजोवाल्यानं दोन सेकंद हात थांबवला, ताशावाल्याकडे पाहिलं आणि ती धून काढली. नवऱ्याचा मावसभाऊ रुमाल दातात धरून रस्त्यावर आडवा झाला. दुसऱ्यानं दोन्ही हातांचा फणा केला. पंचविशीतल्या पोरांपासून साठीच्या आत्यांपर्यंत सगळ्यांना पुढची हालचाल पाठ होती.

ऑफिसमधली एक मैत्रीण सोबत होती, कोट्टयमची. तिनं विचारलं, "ही तुमच्याकडची लोकधून आहे का?" मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "छे, नागीन पिक्चरची." शेजारी आमच्या घाटकोपरच्या भटवाडीतले एक काका खुर्ची टाकून बसले होते. पूर्वी बेंजो वाजवायचे, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पिक्चरची कसली? आता जे वाजवलं ना त्यानं, ते आमच्या पार्टीचं आहे."

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे गिट नावाची सोय असते आणि तिच्यात 'ब्लेम' नावाची कमांड. फाइलवर चालवली की प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख येते: ही ओळ अमक्यानं, अमक्या दिवशी. त्या रात्री रिक्षात मला वाटलं, एका धुनेवर ब्लेम चालवायला असा किती वेळ लागेल? एक शनिवार पुरेल. त्याला आता सात महिने झाले.

सुरुवात सोपी होती. 'नागीन', १९५४. निर्मिती फिल्मिस्तानची, म्हणजे आपल्या गोरेगावच्या एस. व्ही. रोडवरच्या स्टुडिओची, २०२५ मध्ये तो विकला गेल्याच्या बातम्या आल्या तोच. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, पडद्यावर वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, संगीत हेमंतकुमार यांचं. 'मन डोले मेरा तन डोले' लताबाईंनी गायलं आणि त्या गाण्यात ती बीन आहे. चित्रपटाच्या संगीतासाठी हेमंतकुमारना फिल्मफेअर मिळालं. इथपर्यंत ब्लेमचं उत्तर एका ओळीत येतं. (माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना ही धून श्रीदेवीची वाटते. ती 'नगीना', १९८६ ची. तिथली बीन वेगळी, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. वरातीत दोन्ही एकमेकींत शिरतात, म्हणून हा गोंधळ.)

पण १९५४ च्या त्या बिनेत बीनच नाही. जुन्या गाण्यांच्या चाहत्यांना हे पाठ असतं, मला नव्हतं. ती वाजली आहे क्लॅव्हिओलिन नावाच्या यंत्रावर. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ मध्ये बनवलेला छोटासा कीबोर्ड, पियानोला खालून अडकवायचा, आत व्हॉल्व्ह, आवाज वेगळ्या स्पीकरमधून. एका वेळी एकच सूर निघतो. बटणं दाबून आवाजाचा पोत बदलायचा, आणि गुडघ्यानं एक दांडी ढकलून तो लहान-मोठा करायचा. हाच आवाज पुढे १९६७ मध्ये बीटल्सच्या 'बेबी, यू आर अ रिच मॅन' मध्ये येतो. आपल्याकडे तो तेरा वर्षं आधीच साप होऊन डोलत होता. वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजींमधले कल्याणजी. त्यांच्यासोबत हार्मोनियमवर होते रवी, हेमंतकुमारांचे तेव्हाचे सहायक, पुढे 'चौदहवीं का चाँद' आणि 'वक्त' करणारे.

हेडफोन लावून मी ती बीन अर्ध्या वेगानं किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. खरी पुंगी आठवून बघा. भोपळा, त्यात खोचलेल्या दोन नळ्या, एकीला भोकं आणि दुसरी सतत एकच सूर धरून बसलेली. गारुडी गाल फुगवून श्वास असा फिरवतो की आवाज तुटतच नाही. कीबोर्डला हे जमणं अवघड. पट्ट्या सुट्या असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. मग साप कुठून येतो? माझ्या कानाला तो येतो मुख्य सुराच्या अलीकडे-पलीकडे पटकन शिवून परत येणाऱ्या बोटांतून, आणि आवाजाच्या सततच्या थरथरीतून. घसरता येत नाही म्हणून चिमटे काढत घसरल्याचा भास करायचा. ही चलाखी ज्या बोटांनी केली, त्यांचं श्रेय चाल बांधणाऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होतं का? माझा शनिवार इथेच संपला.

एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाण्यांच्या गप्पांत 'कल्याणजींनी ती बीन वाजवली' या वाक्याचं दोन चहांनंतर 'कल्याणजींनी ती बीन केली' असं होतं. ही दोन वाक्यं एक नाहीत. संगीतकार हेमंतकुमार आहेत आणि ते पुसण्याचं काही कारण नाही. पण 'वाजवली' हा शब्दही वाटतो तेवढा लहान नाही. त्या काळच्या मुंबईत चाल एकाची, तिची वाद्यरचना दुसऱ्याची, आणि मधल्या जागा भरणारे वादक तिसरे, दिवसाच्या कामाचे पैसे घेऊन घरी जाणारे. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्याला अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे माहीत. ते गोव्याच्या माजोर्ड्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक आणि वाद्यरचनाकार होते, हे प्यारेलाल त्यांचे शिष्य होते म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं या वादकांना गाठून 'बिहाइंड द कर्टन' हे आख्खं पुस्तक लिहिलं, २००८ मध्ये. तोवर यातले किती गेले असतील.

याच सुमारास एक चुकीचा सर्च कामाला आला. काकांच्या वाद्याबद्दल वाचायला म्हणून 'बँजो' टाकलं आणि समोर आला अमेरिकेतला बँजो: गोल, चामड्याचा, पाच तारांचा. त्यातून मी ब्लूग्रासमध्ये जाऊन पडलो. अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं हे संगीत, पण त्यातला बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचा, आणि सुरुवातीचे बँजो भोपळ्याचे. भोपळा दिसला की मी आता सावध होतो.

ब्लूग्रासमधली सगळ्यात प्रसिद्ध वाद्यधून बहुधा 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'. अर्ल स्क्रग्जनं १९४९ मध्ये रेकॉर्ड केली, १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमामुळे जगभर गेली. तिचं मूळ शोधायला गेलात की 'ब्लू ग्रास ब्रेकडाउन' ही आधीची धून सापडते. तीही स्क्रग्जच्याच बोटांतली, १९४७ ची, तो बिल मन्रोच्या बँडमध्ये नोकरीला होता तेव्हाची. पण तिच्यावर नाव एकट्या मन्रोचं. बँड त्याचा, म्हणून धून त्याची. स्क्रग्जचं म्हणणं होतं की ती आपण केली. तो बाहेर पडला आणि त्याच बांधणीची दुसरी धून स्वतःच्या नावावर केली. सुरुवातीची बोटांची झेप तीच. फरक सांगायचा तर पहिलीत जिथे एफ मेजर कॉर्ड येते तिथे दुसरीत ई मायनर. मला हे ऐकून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आपलीच ओळ परत आपल्या नावावर करायला माणसानं त्यातली एक कॉर्ड बदलली.

इथल्या वादकाला ती सोय तरी कुठे होती? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत, 'संगीतकृती' म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा निदान कागदावर उतरवलेली सुरावट. बोटांत असलेलं पण कागदावर नसलेलं काही या व्याख्येत बसत नव्हतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात ठरवलं की निर्मात्यानं पैसे देऊन सिनेमासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर. संगीतकार आणि गीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळायला २०१२ उजाडलं. हेमंतकुमार १९८९ मध्ये गेले, कल्याणजी २००० मध्ये, रवी २०१२ च्या मार्चमध्ये, दुरुस्ती व्हायच्या आधी.

आणि याच कायद्यात एक कलम आहे जे वाचून मी काकांना फोन केला. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर समारंभ नाव घेऊन घातलेले आहेत. म्हणजे भांडुपच्या त्या रस्त्यावर जे चाललं होतं ते पूर्ण कायदेशीर होतं. काका म्हणाले, "पोलिसांनी कॉपीराइट कधी विचारला नाय. दहा वाजले का, तेवढंच विचारतात."

आता बेंजो. नावापुरताच तो बँजो. खरं घराणं जपानी: नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनवलेलं ताइशोगोतो. लांबट पेटीवर तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. हे स्वस्त वाद्य बंदरांमधून इकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, मुंबईत बेंजो झालं. इथे कुणीतरी त्याला पिकअप लावला, भोंगे जोडले, ते हातगाडीवर चढवले, मागे जनरेटर, पुढे ताशा आणि ढोल. हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, याचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. गणपती, गोविंदा, हळद, वरात. ज्या उपनगरात आम्ही वाढलो त्याचा आवाज हाच आहे, आणि आमच्या पिढीला त्याची थोडी लाजही वाटते, हे मान्य करून टाकतो. प्लेलिस्टमध्ये कुणी बेंजो ठेवत नाही.

या वाद्यावर एक मोठा हिंदी सिनेमा आला, रवी जाधवांचा 'बँजो', २०१६. त्याचं कथानक म्हणजे माझाच उद्योग: न्यूयॉर्कची एक मुलगी मुंबईतल्या अनोळखी बेंजोवाल्याचं रेकॉर्डिंग ऐकते आणि त्याला शोधत वस्तीत येते. रितेश देशमुख मनापासून वाजवतो, बेंजोवाल्याला समाजात किती कमी लेखतात हेही सिनेमा सांगतो. तरी तो मला पटला नाही. त्यात धून शोधण्याचा अर्थ धुनेच्या मालकाला शोधणं, आणि मालक सापडला की त्याला मोठ्या स्टेजवर नेणं. बाहेरून कुणी येऊन कान देईपर्यंत वस्तीला आपल्या आवाजाची किंमत कळत नाही, असं त्यात गृहीत आहे. आमच्या भटवाडीत तरी असं नव्हतं. कोणत्या पार्टीचा हात चांगला यावर लोक भांडायचे, सुपारी द्यायला दोन महिने आधी जायचे. किंमत माहीत होती. फक्त ती नावाला चिकटत नव्हती, पार्टीला चिकटत होती.

आणि बेंजोनं नागिणीचं नेमकं केलं काय? क्लॅव्हिओलिनचा सूर पट्टी दाबून ठेवली तर टिकतो. तारेचा सूर छेडला की मरायला लागतो. त्यामुळे बेंजोवाल्याला तीच धून टिकवायची तर नखी भराभर मागेपुढे चालवावी लागते. थरथर होतीच, ती आता दाणेदार झाली, ताशाच्या जवळ गेली. मूळ गाण्यात बीन गाण्याच्या आजूबाजूला येते, लताबाईंना वाट करून देते. रस्त्यावर गाणं गळून पडलं, बीन उरली. मला विचाराल तर या धुनेची ताकद हीच, की तिला शेवट नाही. ती फिरून तिथेच येते. नाचणारा उठेपर्यंत वाजवत राहा. सापाला बाहेरचा कान नसतो, तो पुंगीची हालचाल बघून डोलतो हे शाळेत शिकलोय. माणसाला मात्र दोन्ही असतं.

आणखी एक गंमत, जिच्यामुळे मूळ शोधण्याची माझी कल्पनाच डळमळली. मी पाच-सहा वर्षांचा असताना नागपंचमीला टोपली घेऊन गारुडी यायचे. त्यातला एक मला स्पष्ट आठवतो, कारण त्याच्या पुंगीवर मी ओळखीचं गाणं ऐकलं होतं. हेच. खऱ्या पुंगीची नक्कल कीबोर्डनं केली, कीबोर्डची बेंजोनं, आणि खरी पुंगी त्या नकलेची नक्कल करत आमच्या गल्लीत उभी होती. कोडमध्ये असं झालं तर त्याला चक्राकार अवलंबन म्हणतात आणि बिल्ड फेल होतो.

राहिला काकांचा दावा. त्यांना सगळी धून नको होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या फेरीनंतर खाली उतरताना भांडुपच्या पोरानं जो एक वळसा घेतला, तीन सूर उलटे चढून एकदम ताशावर सोडून द्यायचा, तो वळसा त्यांच्या पार्टीनं काढला. मूळ गाण्यात तो नाही, हे मी शंभरदा ऐकून सांगू शकतो. बोरिवलीच्या एका मिरवणुकीत, मुलुंडच्या एका वरातीत, भांडुपला, तीन वेगळ्या पार्ट्यांकडे तो मला मिळाला. म्हणजे वळसा खरा आहे, पसरलेला आहे. प्रश्न कुणापासून, एवढाच.

पुरावा मिळाला लग्नाच्या कॅसेटांत. आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे जुन्या व्हीएचएस होत्या त्या मी मागून आणल्या, एका दुकानातून डिजिटल करून घेतल्या. खर्च बराच झाला, पण 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली' म्हणून केला. १९९८ ची असल्फ्याची वरात: काकांची पार्टी, आणि वळसा स्पष्ट. माझा आनंद बघायला हवा होता. मग पुढच्या आठवड्यात मुलुंडची १९९४ ची कॅसेट आली. वेगळी पार्टी, दुसऱ्या गावची वरात, वळसा तोच.

हे त्यांना सांगायचं की नाही, यावर मी दोन रविवार घालवले. ऑफिसात कुणाच्या नावावरची ओळ दुसऱ्याची निघाली तर मी बिनधास्त सांगतो. इथे समोरच्या माणसानं वीस वर्षं जे वाजवलं त्यातलं स्वतःचं म्हणून फक्त तीन सूर मागितले होते. न सांगणं म्हणजे मग मीही दोन चहांनंतरचं वाक्य बोलणाऱ्यांतला झालो. शेवटी लॅपटॉप घेऊन गेलो.

काकांनी १९९४ ची वरात शांतपणे पाहिली. कॅमेरा अर्थातच नाचणाऱ्यांवर. हॅलोजनच्या उजेडात टाय सुटलेले काका-मामा, खाली बसलेला एक साप, वर नोटा धरलेला हात. वाजवणारा कुठेच नाही. वळसा आला तशी मी मान खाली घातली.

"परत लाव," ते म्हणाले. मी मागे घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. नोटेवाल्याच्या कोपराखालून, अर्ध्या सेकंदापुरता, बेंजोवरचा एक डावा हात दिसत होता. करंगळी वर उचललेली.

"हे मास्तर," काका म्हणाले. "मी यांच्याकडेच शिकलो. विसरलोच होतो, हे त्यांचं होतं."

"नाव काय त्यांचं?"

त्यांनी बराच विचार केला. "सगळे मास्तरच म्हणायचे रे."

मी व्हिडिओ थांबवायला विसरलो होतो. तोवर कॅमेरामननं परत नवरदेवाचा घोडा धरला होता.